घोड्याच्या घरी घोडा

ऐक ना वं दीपे, तू फक्त ऐक. मधात 'मंग काय झालं, मंग काय झालं' करू नको, मी सांगूनच राह्यली ना. तो चहा ठेव बाजूले, थंडा झाला तं दुसरा सांगू.

माही सुचिताताई माहीत आहे ना तुले? माह्या मोठ्या बाबाची पोरगी, पिंपळगाव राजाची. हाव, तीच, बुद्धिबळवाली. तं राज्याची महिलांची स्पर्धा अवंदा खामगावातच होती, त्या नव्या मंगल कार्यालयात. रविवारी शेवटचा डाव. महाराष्ट्राच्या संघातल्या बाकी साऱ्या जागा भरल्या होत्या, एकच राह्यली होती, अन् ती कोणाले भेटीन ते या एका डावावर. ताई जितली तं ताईले. हारली, नाही तं बरोबरी झाली, तं अन्नपूर्णा इंगळेले. बस, एवढं ध्यानात ठेव. बाकी बुद्धिबळ तुले नाही समजलं तरी चालते.

अन् ताईले ती जागा कायले पाहिजे होती, ते सांगते. ती दरसाल राखीव राहते. राखीव म्हणजे काय माहीत? संघासंग गाडीत बसून जायचं. टी-शर्ट भेटते, पाठीवर नावही राहते. मंग खेळणाऱ्या पोरी आत गेल्या का त्यांच्या बाटल्या, त्यांचे स्वेटर, त्यांचे मोबाईल घेऊन बाहेर खुर्चीवर बसायचं. मागच्या साली ती वापस आली तं आमच्या शेजारच्या बनाबाईनं विचारलं, "काय वं सुचिता, तिकडं स्वेटर सांभाळाची नोकरी लागली का तुले?" गमतीनंच विचारलं बाईनं. ताई पण हसली. पण हसून आत गेली ते जेवायले बाहेर आलीच नाही.

आता अन्नपूर्णा. ती कुठली असन? सांग. अवं वडनेर भोलजीची! पाय ना, सारा महाराष्ट्र आला होता खेळायले, अन् शेवटी समोरासमोर बसल्या त्या दोघी आपल्याच जिल्ह्याच्या. अन्नपूर्णा आता नागपूरले राहते. आधी राज्याची विजेती होती, मंग लेकरू झालं, खेळ सुटला, लोक म्हणायले लागले, संपली आता ही. म्हणजे ती पण काही फिरायले आली नव्हती खामगावले. तिचे बाबा, इंद्रभान काका, लेकराले कडेवर घेऊन बाहेर मांडवात फिरून राह्यले होते. लेकरू रडलं का ती पटावरून मान वर न करता नुसता कान तिकडं करे. मी पाह्यलं ना.

बरं, आता जे सांगते ते नीट ऐक, कारण सारी गोष्ट इथूनच आहे.

बाकीच्या पोरी लॉजवर उतरल्या होत्या. ताई म्हणे, घर हाकेवर असून लॉजवर कायले राहू? तं ती रोज खेळून संध्याकाळी पिंपळगावले वापस. अन् घरी येऊन चहा पेली का पारावर, आबासंग डाव टाकायले. पंजाबराव आबा म्हणजे आमचे आजोबा. ताईले पट शिकवला तो त्यायनंच, ती एवढीशी असतानी. गोकुळदादा, ताईचा भाऊ, रोज ओरडे, "अवं, दिवसभर खेळून आली ना, आता तरी डोक्स्याले आराम दे!" तं ताई म्हणे, "हाच आराम आहे."

पण आबाचा खेळ जुना आहे. पुस्तकातल्या नियमानं काय होते, प्यादं चालत चालत पार त्या टोकाले पोचलं का तुले जे पाहिजे ते मोहरं घे. अन् वजीर सोडून दुसरं कोण मागीन? सारे वजीरच करतात. आबाच्या पारावर तसं नाही. प्यादं ज्या घरावर पोचलं, त्या घराचं मोहरं. हत्तीच्या घरी गेलं तं हत्ती, उंटाच्या घरी गेलं तं उंट, घोड्याच्या घरी घोडा. मी एकडाव विचारलं, "असं काऊन हो आबा?" तं म्हणे, "पोरी, जे ज्याच्या दारात चालत गेलं ते त्याच्याच घरचं होईन ना! सारेच वजीर झाले तं पाणी कोण भरीन?"

हस, हस. मी पण हसली होती.

तं रविवार. बाकीचे डाव सरत आले होते, लोक खुर्च्या वढून वढून यायच्याच टेबलाभोवती जमले. मधात दोरी बांधलेली. मी अन् गोकुळदादा दोरीले चिकटून, अगदी समोर. मले पट असा दिसून राह्यला होता जसा हा चहाचा कप. मोहरे मारून मारून पटावर काहीच राह्यलं नव्हतं. ताईचा पांढरा राजा अन् एक प्यादं. अन्नपूर्णाचा काया राजा अन् एक प्यादं. दोन्ही प्यादे आपापल्या टोकाकडं पळून राह्यले. जे आधी पोचीन ते जिंकीन, असा हिसाब. अन् दीपे, ताईचं पुढं होतं! एकच घर राह्यलं होतं, अन् चाल तिचीच. गोकुळदादा माह्या कानात म्हणे, "झालं. वजीर बसला का खेळ खल्लास. पेढे सांगून ठेवू का?" मी म्हटलं, "गप बस ना, आधी बसू दे."

कोणाच्याच घड्याळात टाइम राह्यला नव्हता. चाल केली का थोडे सेकंद वाढतात, त्याच्यावरच दोघी जगून राह्यल्या होत्या. अन् तेवढ्यात तिकडच्या टेबलावर दोन पोरींची काहीतरी चकमक झाली, घड्याळ कोणी दाबलं कोणी नाही. तं पंच देवानंद सर, ते पुण्याकडचे, ते तिकडं वळले. नुसते वळले, गेले पण नाही.

ताईनं प्यादं पुढं सरकवलं. उचललं. बाजूले मेलेले मोहरे ठेवले राहतात ना, तिकडं तिचा हात गेला. डोळे पटावरच. हात आपला आपला गेला, जसा अंधारात आपल्या घरातल्या बटनावर जातो तसा. अन् तिनं मोहरं आणून त्या घरात ठेवलं.

घोडा.

अवं, ते घर घोड्याचं होतं ना! हत्तीच्या बाजूचं. आठवडाभर पारावर ती तेच करून राह्यली होती, प्यादं तिथं पोचलं का घोडा, प्यादं तिथं पोचलं का घोडा. हाताले कोण सांगीन का आज तू खामगावात आहे म्हून?

मले तिची मान दिसली. मान अशी एकदम ताठ झाली. बोट अजून घोड्याच्या कानावरच होतं. घड्याळ दाबलं नव्हतं. तिनं घोडा उचलला, वजीर घेतला, ठेवला, घड्याळ दाबलं. तू चहाले एक फुंकर मारशीन ना, तेवढ्यात सारं झालं. गोकुळदादाले तं काही समजलंच नाही, तो म्हणे, "बसला ना वजीर? बसला." माही नजर त्या बाजूले ठेवलेल्या घोड्यावरच होती.

आता नियम ऐक. नवीन मोहरं त्या घराले एकडाव टेकलं का झालं, मंग बदलता येत नाही. हातात असलं तोवर बदला, हवेत असलं तोवर बदला. टेकलं का संपलं.

अन्नपूर्णा पटाकडं पाहून राह्यली. पाहूनच राह्यली. पहिले तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मंग कपाळावर एक आठी आली. तिनं घड्याळ थांबवलं अन् हात वर केला.

सर आले. "काय झालं?"

"सर, आधी घोडा ठेवला होता इनं. मंग वजीर."

मांडवातून तिच्या लेकराचा आवाज येऊन राह्यला होता तेवढाच.

सर म्हणे, "घोडा पटावर टेकला होता, की हातातच होता?"

आता इथं, दीपे, इथं अन्नपूर्णानं 'टेकला' म्हटलं असतं तं काम संपलं होतं तिचं. वजीर नसला तं ताई जिंकूच शकत नव्हती. पण ती म्हणे, "सर, मले नाही सांगता येत."

"म्हणजे? तुम्ही तर समोरच पाहत होता."

"पाहून राह्यली होती ना. पण मले तेव्हा ते चूक वाटलंच नाही."

"चूक वाटलं नाही?"

"आमच्या वडनेरले बाबा विहाराच्या ओट्यावर खेळत, मी तिथंच शिकली. तिथं घोड्याच्या घरी घोडाच होते. म्हून माहा डोळा अडकलाच नाही तिथं. वजीर दिसला तेव्हा वाटलं, हे काय, इथं तं घोडा होता ना? पण तो टेकला का वरच्यावरच होता, ते मी शपथेवर नाही सांगू शकत."

सर तिच्याकडं असे पाहून राह्यले जसं काही ती दुसऱ्याच खेळाचं सांगून राह्यली. "घोड्याच्या घरी... हा कुठला नियम?"

तं ताई हळूच म्हणे, "आहे सर. आमच्याकडं पण आहे."

अन् दोघींनी पहिल्यांदा एकमेकींकडं पाह्यलं. म्हणजे सकाळपासून समोर बसल्या होत्या, पण पाह्यलं नव्हतं.

सर म्हणे, "हे बघा, मी ते पाहिलेलं नाही. समोरच्या खेळाडूची खात्री नसेल तर दावा टिकत नाही, मी वजीर मान्य करतो. फक्त सुचिता, तुम्हाला एकदा विचारतो. घोडा टेकला होता का?"

मले माहीत होतं. मी पाह्यलं होतं, टेकला होता, चांगला बूड टेकवून बसला होता. पण पाहणाऱ्यानं बोलायचं नसते, अन् मले कोणी विचारलं पण नाही. अन् तुले म्हून सांगते, मी मनातल्या मनात म्हणून राह्यली होती, नाही म्हण ताई. एक शब्द आहे. नाही म्हण. तुले आता कोणाचे स्वेटर नाही सांभाळा लागत. नाही म्हण ना वं.

ताई त्या घराकडं पाहून राह्यली. वजीर बसला होता तिथं, मस्त.

"हाव सर," ती म्हणे, "टेकला होता."

गोकुळदादानं माहा हात असा दाबला का बांगडी रुतली. "येडी झाली का वं ही?" तो चांगला मोठ्यानं बोलला, तं सरांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाह्यलं. सरांनी वजीर उचलला, घोडा ठेवला. अन् मंग आपलं घड्याळ चालू.

आता तुले वाटन, झालं, गोष्ट संपली. गोकुळदादाले पण तसंच वाटलं. तो म्हणे, "चाल, आता काय राह्यलं? एकट्या घोड्यानं कोण जितते?" अन् गेला बाहेर, टपरीवर. खरं होतं त्याचं. एकट्या घोड्यानं मात होतच नाही. म्हणजे संघातली जागा गेली ते गेलीच. पण अन्नपूर्णाचं प्यादं जिवंत होतं ना! ते पोचलं तं तिचा वजीर होणार, अन् मंग ताई सरळ हारणार. म्हणजे आता तिच्या हातात एकच गोष्ट होती, हारायचं का नाही हारायचं. भेटणार काहीच नव्हतं.

मले वाटलं ताई उठन. हात देईन अन् उठन. तिनं खुर्ची पुढं वढली.

दीपे, मी तिचे किती डाव पाह्यले असतीन, पण असं नाही पाह्यलं कधी. अन्नपूर्णाचं प्यादं कडेकडेनं पळून राह्यलं, तिचा राजा त्याच्या अंगाले अंग लावून. अन् ताईचा घोडा पार दुसऱ्या कोपऱ्यात. तिनं काय केलं माहीत? ती सरळ प्याद्यामागं धावलीच नाही. घोडा भलत्याच बाजूले टाकला. मी म्हटलं गेली कामातून. पण तिथून शह बसला, राजाले हटा लागलं. मंग परत एक उडी, परत शह. राजा हटला का प्यादं तेवढं थांबे. तिचे ओठ हलून राह्यले होते, अडीच घरं मोजतानी आबाचे हलतात ना तसे. तेव्हा मले समजलं का ती पारावर बसली आहे. संघ नाही, जागा नाही, बनाबाई नाही. आबा समोर अन् घोडा हातात.

अन् अन्नपूर्णानं पण सोडलं नाही बरं! तिचं काम झालं होतं, बरोबरी मागितली असती तं तिले काय फरक पडत होता? पण नाही मागितली. जिवाच्या आकांतानं खेळली. मले पहिले राग आला, म्हटलं इतकं खरं बोलली बिचारी, तिले आता हरवतेही का तू? मंग नाही आला राग. तिनं सोडून दिलं असतं ना, तं ताईले ते लय लागलं असतं. कीव केल्यासारखं.

प्यादं एकाच घराच्या अंतरावर आलं होतं. एक घर. अन् घोडा असा तिरपा येऊन त्याच्या वाटेवर नजर ठेवून बसला, का ते पुढं पाय टाकीन तं मेलं. राजा घोड्याले हाकलायले गेला, तं तोवर ताईचा राजा येऊन पोचला होता. मंग आता कोणाचा धीर सुटते एवढंच होतं. शेवटी घोड्यानं ते प्यादं मारलं.

पटावर राह्यलं काय? ताईचा राजा अन् घोडा. अन्नपूर्णाचा नुसता राजा, एकटा, उघडा.

सर म्हणे, "बरोबरी." कागदावर लिहून टाकलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या अन् खुर्च्या वढायले लागले. मी दोरीखालून आत घुसली. तं अन्नपूर्णा आपल्या ताईचा हात हातात धरून बसली होती, सोडतच नव्हती. म्हणे, "आमच्या ओट्यावर याले बुर्जी म्हणत. राजा एकटा राह्यला का बुर्जी. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं पण बुर्जीच," ताई म्हणे.

"अर्धी जीत."

"आबा पाऊण धरतात."

अन् दोघी हसायल्या वं! अशा हसायल्या का सर परत येऊन पाहून गेले. मंग अन्नपूर्णाचे डोळे भरून आले. ती म्हणे, "मी तुह्या जागी असती तं..." बाहेरून इंद्रभान काका लेकराले घेऊन आले. लेकरानं पहिले ताईचा घोडाच उचलला अन् तोंडात घातला.

बाहेर टपरीवर गोकुळदादा तयारच होता. "कोणं पाह्यलं होतं? सांग ना, कोणं पाह्यलं होतं? समोरचीले खात्री नाही, पंचाले दिसलं नाही. तुलेच कायची खाज होती?"

ताई म्हणे, "मले दिसलं होतं ना."

"लय मोठी आली हरिश्चंद्राची नात! जाय आता, सांभाळ स्वेटर!"

तं तिनं काय म्हणावं? म्हणे, "थंडी आहे तिकडं अवंदा, जड राहतीन स्वेटर." दादा गाडी काढायले गेला. तिघंही पिंपळगावले वापस आलो.

आबा पारावर पट मांडूनच बसले होते. फोनवरून त्यायले समजलं होतं सारं. ताई समोर बसली. आबा बराच वेळ घोडा हातात घेऊन त्याचे कान चोळत राह्यले. मंग म्हणे, "सुचे, आजपासून आपल्या पारावर नियम बदलला. प्यादं कुठंही पोचू दे, वजीर. माह्या खेळापायी तुही जागा गेली."

ताईनं त्यायच्या हातातला घोडा घेतला, त्याच्या जागेवर ठेवला.

"नाही आबा. घोड्याच्या घरी घोडाच."

"अवं पण..."

"तुम्ही नियम बदलला तं मंग 'आमच्याकडं पण आहे' म्हणणारी मी सरांपुढं खोटीच पडली ना. खेळा तुम्ही, चाल तुमची आहे."

बस. खेळले दोघं. आबा जितले त्या दिवशी, ताई म्हणते मुद्दाम नाही हारली, पण मले काही सांगता येत नाही.

काल यादी आली. अन्नपूर्णा संघात, अन् खाली ताईचं नाव, राखीव. ती बॅग भरून राह्यली आहे. मी विचारलं, "खरंच जातं का वं तू?" तं म्हणे, "अन्नपूर्णाचं लेकरू येणार आहे संग. ते कोण सांभाळीन?" हसून म्हणे, पण मले अजून समजत नाही ते हसू कसं होतं. बनाबाईपुढं हसली होती तसं होतं का दुसरं होतं.

मी तेव्हापासून तेच घोळवून राह्यली आहे डोक्स्यात. मी पाह्यलं होतं टेकलेला, तरी मी म्हणून राह्यली होती नाही म्हण. अन् आज परत तोच डाव माह्यासमोर आला ना, तं मी काय म्हणीन ते मले आजही नाही सांगता येत. म्हून तुले विचारते. पंच पुढं उभा आहे, त्यानं पाह्यलं नाही. समोरचीले खात्री नाही. वजीर बसलेला आहे, मस्त. साऱ्या हॉलमध्ये तुले एकटीले माहीत आहे, अन् एका शब्दाचं काम आहे. खरं सांग दीपे, तोंडदेखलं नको सांगू, तू काय म्हटलं असतं वं?